तराफ्यावरून समुद्र पार करायचाय? आधी मुरबाडच्या शेततळ्यात उतरा

आमच्या कळव्याच्या ग्रुपवर दर वर्षी कोणीतरी हा विषय काढतोच, की सिंधू संस्कृतीवाले मेसोपोटेमियापर्यंत जायचे, मग आपण खाडीतून बांबूच्या तराफ्यावर निदान एलिफंटापर्यंत तरी का नाही. शेवटी आम्ही चौघांनी खरंच एक तराफा बांधला. समुद्रात नेला नाही, नेणारही नाही, पण ज्यांना हे वेड आहे त्यांनी सुरुवात कुठून करावी ते आता सांगू शकतो.

आधी वही घ्या, बांबू नंतर. पहिल्या पानावर प्रश्न लिहायचा आणि त्याखाली 'काय झालं तर आपण फसलो' हे लिहायचं, नाहीतर तराफा तरंगला की सगळे टाळ्या वाजवतात आणि कशासाठी बांधला होता ते कोणालाच आठवत नाही. कॉन-टिकी या तराफ्याचंच बघा ना. पॉलिनेशियात माणूस दक्षिण अमेरिकेतून आला असावा हे दाखवायला १९४७ मध्ये थोर हेयरदाल नावाचा नॉर्वेचा संशोधक आणि पाच जण पेरूच्या कायाओ बंदरातून बाल्साच्या नऊ ओंडक्यांवर निघाले, १०१ दिवसांनी पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियातल्या रारोइया बेटाच्या खडकांवर आदळले, जवळपास ६,९०० किलोमीटर. जबरदस्तच. पण त्यातून 'असं जाता येतं' एवढंच कळलं, 'लोक असेच गेले' हे नाही. पॉलिनेशियन लोक आशियाच्या बाजूने आले हे भाषा, अवजारं, डीएनए सगळं सांगतं. गंमत म्हणजे २०२० च्या डीएनए अभ्यासात इ.स. १२०० च्या आसपास दक्षिण अमेरिकेतल्या लोकांशी संबंध आल्याचं दिसलं, म्हणजे हेयरदाल अगदीच हवेत बोलत नव्हता. आणि हो, कॉन-टिकीला किनाऱ्यापासून टगबोटीने ओढून बाहेर नेलं होतं. अशी सवलत तुम्ही घेणार असाल तर तीही वहीत लिहा, लाजू नका.

मला विचाराल तर नक्कल जपान्यांची करावी. ३०,००० वर्षांपूर्वी माणूस जपानच्या दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांवर कसा पोचला हा त्यांचा प्रश्न. २०१६ ला गवताचे तराफे केले, प्रवाहापुढे चालले नाहीत. मग तैवानात बांबूचे केले, तेही कुरोशिओ प्रवाहाला पुरे पडेनात. २०१९ ला दगडी कुऱ्हाडीने झाड तोडून कोरलेली होडी घेतली आणि पाच जणांनी वल्हवत तैवानहून त्यातलं योनागुनी बेट गाठलं, ४५ तास, २०० किलोमीटरच्या वर. वल्हवणाऱ्यांकडे होकायंत्र नाही, फोन नाही, घड्याळसुद्धा नाही, सोबत सुरक्षेची बोट मात्र होती. दोनदा फसले म्हणून तर तिसरी होडी काहीतरी सांगू शकली.

आता बांबू. कोकणातला माणगा घेऊ नका. मजबूत असतो पण जवळजवळ भरीव, आत हवाच नाही तर तरंगणार काय. जाड आणि पोकळ बांबू मागा. पावसाळ्यात कापलेला नको, हिवाळ्यात कापलेला घ्या, त्याला भुंगा कमी लागतो. (कापायची वेळ सगळीकडेच महत्त्वाची दिसते, १९७७ ला हेयरदालने इराकमध्ये टायग्रिस ही लव्हाळ्याची बोट बांधली तेव्हा तिथल्या दलदलीतले लोकही ऑगस्टमध्ये कापलेलं लव्हाळं जास्त दिवस तरंगतं म्हणायचे.) दुकानदार विचारतो, मंडप की परांची? तराफा म्हटलं की एकदा चेहऱ्याकडे बघतो आणि रेट वाढवतो, तेव्हा परांचीच सांगा.

प्रत्येक बांबू तपासायचा, पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसा. टाकीत दाबून धरा आणि एक मिनिट बघत बसा. बारीक बुडबुड्यांची माळ वर आली की पेरात चीर आहे, आज हवा बाहेर येतेय, उद्या पाणी आत जाईल. आमच्या ४६ पैकी ६ असे निघाले, वरून एकदम चकाचक दिसत होते.

मग हिशोब. बांबू ३ मीटर लांब आणि ८ सेंटीमीटर जाड धरला तर तो साधारण १५ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे १५ किलो. त्यातून त्याचं स्वतःचं वजन वजा करा, आमचा ८ किलोचा होता, उरले ७. असे ४० बांबू, वीस-वीसचे दोन थर, म्हणजे २८० किलो. दोन माणसं १३०, वरचे चार आडवे बांबू ३२, दोरखंड दहाएक. शंभरेक किलो शिल्लक राहतात आणि ते लागतातच, कारण लाकूड पाणी पितं. एक बांबू वेगळा मिठाच्या पाण्यात ठेवा, लिटरला ३५ ग्रॅम मीठ, रोज बाहेर काढून बॅग मोजायच्या काट्याला लटकवा, आकडा वहीत. हे कंटाळवाणं काम आमच्यात कोणालाच नको होतं म्हणून माझ्या बाल्कनीत आलं, आणि आईने दोन आठवडे त्यावर टॉवेल वाळत घातले.

दोरी नायलॉनची नको, नाहीतर प्रयोगच राहत नाही. सुंभ घ्या, काथ्याचा, खाऱ्या पाण्यात टिकतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते ठीक आहे, पण नवा सुंभ ताणतो हे कोणी सांगत नाही. आम्ही कोरडाच बांधला, हाताने वाजवून बघितला, टणक. पाण्यात जाऊन दोन माणसं चढली आणि वीस मिनिटांत मधले बांबू बोटभर सरकले, माझा पाय फटीत. तर आधी रात्रभर भिजवा, झाडाला बांधून दोघांनी ओढून ताणून घ्या, ओलाच बांधा, वेढ्यात काठी घालून पीळ द्या आणि दुसऱ्या दिवशी परत आवळा. गाठी यूट्यूबवर शिकण्यापेक्षा परांचीवाल्याला चहा पाजा, ती माणसं दहाव्या मजल्यावर स्वतःच्या गाठीवर उभी राहतात.

शीड लावलंत तर फळ्याही लावा. दक्षिण अमेरिकेत त्यांना ग्वारा म्हणतात, बांबूंच्या फटीतून उभी खाली घातलेली फळी. पुढची वर ओढली, मागची खाली दाबली की तराफा दिशा बदलतो. १९७३ ला बाल्साचे तीन तराफे इक्वाडोरहून ऑस्ट्रेलियाच्या बॅलिनापर्यंत गेले, कॉन-टिकीच्या दुप्पट अंतर, ते काय नुसते वाहवत गेले नसणार.

जुने लोक बेटांवर वाहवत गेले की ठरवून गेले हा तर खरा वाद आहे, आणि तो ठाण्यात बसून थोडा तपासता येतो. आम्ही बारा नारळांना लाल ऑइलपेंट लावला आणि चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांच्या होडीतून ओहोटी लागताना सोडले. काकांनी तारीख बदलायला लावली, म्हणाले, "उधाणाला नको रे पोरा, अष्टमीला ये, भांगाचं पाणी शांत असतं, आणि दुपारचा पश्चिमेचा वारा सुटायच्या आत परत फिरायचं." (भांग म्हणजे उधाणाच्या उलट, भरती-ओहोटी कमी असते तो काळ.) तासाभरात सात नारळ तिवरांत अडकले, तीन ऐरोली पुलाच्या दिशेने गेले, दोन दिसेनासे झाले. माणूस नसलेली वस्तू किती लवकर कुठेतरी अडकते हे बघितल्यावर 'वादळात वाहत गेले असतील' हे वाक्य मी जरा जपून वापरतो.

तराफा मात्र खाडीत उतरवू नका. तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिवरं संरक्षित आहेत, चिखल कमरेपर्यंत, आणि परवानगीशिवाय गेलात तर बातमीत याल. २००५ ला ओमानच्या सूरहून गुजरातच्या मांडवीला निघालेली मगान ही लव्हाळ्याची बोट निघाल्यावर थोड्याच वेळात पाणी भरून बुडाली, माणसं वाचली कारण मदत जवळ होती. ती अभ्यासकांनी बांधलेली होती, आपण कोण.

आम्ही मुरबाडजवळ मित्राच्या मामांच्या शेततळ्यात गेलो. शेततळं साधं वाटतं पण प्लास्टिकच्या उतारावर पाय अजिबात ठरत नाही, पोहणारा माणूससुद्धा बाहेर येऊ शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा, लाइफ जॅकेट सगळ्यांना, काठावर एक माणूस फक्त बघायला, फोटो काढायला नाही. पहिल्या दिवशी नुसत्या वाळूच्या गोण्या ठेवा, तीन तास. वरचा थर किती बुडाला ते दर अर्ध्या तासाला खडूने मारा. मग माणसं.

आमचा तराफा नवव्या दिवशी वरच्या थराच्या निम्म्यापर्यंत गेला, वहीत आम्ही ती रेष फसल्याची म्हणून आधीच आखली होती, म्हणून बाहेर काढला. बांबू मामांनी ठेवून घेतले, त्यावर आता दुधी चढलाय. सुंभ मी परत आणला, चांगला ताणून झालाय तो.