हँगओव्हर टाळायचा तर पाणी रात्रीच प्या
दारू प्यायल्यावर सकाळी डोकं ठणकतं, घशाला कोरड पडते, मळमळतं. सकाळी उपाय शोधण्यापेक्षा रात्रीच एवढं करा:

१. आधी नीट जेवा, रिकाम्या पोटी पिऊ नका.
२. प्रत्येक पेगनंतर एक ग्लास साधं पाणी. यामुळे पिण्याचा वेग आपोआप कमी होतो, आणि खरा फायदा तोच.
३. झोपताना उशाशी पाण्याची बाटली ठेवा.

तरीही त्रास झालाच, तर १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवून घोट घोट प्या. हलकं खा, झोपा. उतारा म्हणून पुन्हा दारू नकोच, त्रास फक्त पुढे ढकलला जातो.

डोकेदुखीवर पॅरासिटामॉल मात्र टाळा. दारूवर ते यकृताला घातक ठरू शकतं.