सांगाड्यावर कापड ताणून होडी बांधताय? या चुका टाळा

लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेलं पॉलिएस्टरचं कापड, एवढ्यात साडेपाच मीटरची वल्ह्यांची होडी होते. वजन जेमतेम २०-२२ किलो, कारच्या टपावर एकट्याने चढवता येते. पण कापड चढवायची घाई नडते. माझ्या पहिल्या होडीतल्या बहुतेक चुका कापडाखाली झाकल्या गेल्या आणि पाण्यात उतरल्यावर एकेक दिसल्या.

सगळ्यात महागात पडली ती प्लायच्या आडव्या साच्यांची कड. होडी पाण्यात बसली की पाणी कापडाला आत दाबतं. होडीच्या लांबीत जाणाऱ्या दोन पट्ट्यांच्या मध्ये साच्याची कड भरलेली असेल तर कापड तिच्यावर टेकतं आणि घासून तिथेच फाटतं. म्हणून दर दोन पट्ट्यांमध्ये साचा १०-१२ मिमी आत, चंद्रकोरीसारखा कापून घ्या. कापडाचा टेकू फक्त लांब पट्ट्यांवर हवा, आणि त्यांच्याही कडा गोल घासलेल्या हव्यात. तपासणी सोपी आहे: दोन पट्ट्यांवरून दोरा ताणा, बोटाने दाबा. साच्याला लागला तर अजून कापा.

लाकूड सागाचंच हवं असं नाही. शिवणीचं लाकूड हलकं पडतं. गाठ असलेली पट्टी मात्र बाजूला ठेवा. प्रत्येक पट्टी बसवण्याआधी वाकवून बघा, मोडायची असेल तर हातातच मोडू दे. जोड द्यायचा तर जाडीच्या किमान आठपट लांब तिरका. बारीक पट्टीत स्क्रू मारला की ती भोकाशीच कमजोर होते. मेणदोऱ्याने आवळून बांधलेला सांधा लाटेबरोबर थोडा हलतो आणि टिकतो. साहसी प्रवासी टिम सेव्हरिन १९७६-७७ मध्ये कातडी होडीतून अटलांटिक पार गेला, तिचा सांगाडाही वादीने बांधलेला होता.

आता वल्ही. होडी सुंदर झाली, तरी वल्हवताना मांडीवर मूठ आपटत असेल तर सगळं फुकट. वल्ह्याचा खुंटा, म्हणजे वल्हं ज्यावर टेकून फिरतं तो, बैठकीपेक्षा १८-२० सेंमी उंच हवा, आणि बैठकीच्या तुमच्या पायांकडच्या कडेपासून साधारण ३० सेंमी पायांच्या दिशेने. पाय रेटायला आडवी पट्टी द्याच, नाहीतर ओढताना तुम्हीच सरकता. वल्ह्याची लांबी अशी काढा: दोन खुंट्यांमधलं अंतर निम्मं करा, ५ सेंमी मिळवा, ७ ने भागून २५ ने गुणा. १२० सेंमी अंतराला साधारण २३२ सेंमीचं वल्हं येतं. होडी अरुंद असेल तर खुंटे काठाबाहेर काढावे लागतात.

कापड नायलॉनचं घेतलं तर ते ओलं झाल्यावर सैल पडतं. मला पॉलिएस्टर आवडतं, कारण ते इस्त्रीने आकसतं. मध्यापासून सुरुवात करा, डावी-उजवी बाजू आलटूनपालटून घ्या, आधी इस्त्री मंद ठेवा. एका बाजूला जास्त ताण गेला तर हलका सांगाडा पिळला जातो. कापड ठोकायला स्टेपल स्टेनलेसच वापरा.

कापडाला रंग दिल्यावरही पाणी येत असेल तर होडी दोन लाकडी टेकूंवर ठेवून आत बादलीभर पाणी ओता. जिथून थेंब पडेल तिथे बाहेरून खूण करा. बहुतेकदा तो नाळेजवळच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, शिवणीतूनच पडतो. वारा होडीचं तोंड फिरवत असेल तर मागे, तळाशी छोटं उभं पातं बसवा. दोन्ही टोकांना हवेच्या पिशव्या नीट बांधल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नका; होडी भरली तर नुसतं लाकूड तुम्हाला तरंगत धरणार नाही.