बँडच्या जुन्या डेमो टेप: शोधण्यापासून वाजवण्यापर्यंत

१९७१ साली लंडनच्या वेम्ब्ली भागात डी लेन ली स्टुडिओची नवी वास्तू तयार झाली, तेव्हा तेथील यंत्रे आणि ध्वनिरोधन पारखून घेण्यासाठी मोठ्या आवाजात वाजवणारे कोणीतरी हवे होते. त्या वेळी अगदी अनोळखी असलेल्या क्वीन या बँडने ते काम पत्करले आणि त्या बदल्यात स्वतःची पाच गाणी विनामूल्य ध्वनिमुद्रित करून घेतली. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ‘द हेक्टिक्स’मध्ये पियानो वाजवणारा फारुख बल्सारा, म्हणजे क्वीनचा गायक, तोवर फ्रेडी मर्क्युरी झाला होता. हे डेमो (नमुन्यादाखल केलेली मुद्रणे) २०११ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाले ते गिटारवादक ब्रायन मे यांनी जपून ठेवलेल्या ॲसिटेट तबकडीवरून; मूळ मल्टिट्रॅक फितींवरून (ज्यांत वाद्ये व आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात) त्यांचे नवे मिश्रण ऐकायला मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले. म्हणून जुने डेमो शोधू पाहणाऱ्याने आपल्या हाती आलेली प्रत कितव्या पिढीची, म्हणजे मूळ टेप की प्रतीची प्रत, आहे हे आधी ठरवावे, आणि तिच्या वरची पिढी सापडण्याची शक्यता असेपर्यंत शोध थांबवू नये.

शोधाची सुरुवात बँडच्या गायकापासून करण्याचा मोह होतो, परंतु गायकाकडे बहुधा नंतरच्या पिढीची कॅसेटच सापडते. स्पूल, म्हणजे उघड्या चक्रावर गुंडाळलेली स्टुडिओची टेप, सापडते ती ध्वनिमुद्रकाकडे, बंद पडलेल्या स्टुडिओच्या मालकाच्या कुटुंबाकडे किंवा ज्याच्या घरी सरावाची जागा होती त्याच्या माळ्यावर. नवी टेप महाग असल्यामुळे स्टुडिओ जुन्या स्पूलवर पुन्हा मुद्रण करीत. त्यामुळे खोक्यावर भलत्याच जाहिरातीचे नाव असले तरी ती स्पूल बाजूला टाकू नये. खोका, आतली चिठ्ठी आणि पाठीवरची नोंद यांची छायाचित्रे आधी घ्यावीत. टेपचा वेग, ट्रॅकची संख्या, तारीख आणि टेपची बनावट ही माहिती पुढे प्रत्येक टप्प्यावर लागते.

येथे नावाचा एक घोळ सांगून ठेवतो. ‘ॲसिटेट’ तबकडी ही खरे तर लॅकरचा थर दिलेली ॲल्युमिनियमची चकती असते आणि प्रत्येक वाजवण्यागणिक ती झिजते. ॲसिटेट टेप ही निराळी वस्तू आहे. स्पूल उजेडासमोर आडवी धरली असता गुंडाळीतून प्रकाश झिरपला आणि व्हिनेगरसारखा वास आला, तर ती टेप ॲसिटेटची आहे आणि तिचे विघटन सुरू झाले आहे असे समजावे. चिकट टेप तापवण्याचा जो उपाय पुढे सांगितला आहे, तो अशा टेपवर कधीही करू नये.

कोणतीही टेप घाईने वाजवू नये, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका मित्राच्या बँडची १९८६ ची पाव इंची स्पूल पत्र्याच्या ट्रंकेत सापडली आणि उत्साहाच्या भरात मी ती त्याच संध्याकाळी यंत्रावर चढवली. वीसेक सेकंदांत ओल्या काचेवर बोट घासल्यासारखी किंचाळी सुरू झाली, फीत अडखळली आणि हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी, चिकट लेप उरला. तो लेप म्हणजे गाण्याचाच काही भाग होता आणि तो परत मिळणार नव्हता.

या दोषाचे कारण रासायनिक आहे. चुंबकीय कण फितीला धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा बंधक हवेतील ओलावा शोषून विघटित होतो आणि चिकट बनतो. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे बनलेल्या, पाठीवर काळसर मंद लेप असलेल्या व्यावसायिक टेपमध्ये हा दोष विशेष आढळतो. अँपेक्स ४५६ ही स्टुडिओ टेप हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. अशी पाव इंची टेप सुमारे ५४ अंश सेल्सियसला आठ तास मंदपणे तापवली की ओलावा निघून जातो आणि ती काही आठवडे वाजवण्याजोगी होते. घरचा ओव्हन यासाठी वापरू नये, कारण त्याचे तापमान वीस-वीस अंशांनी खालीवर होते. तापमान स्थिर राखणारे फळे सुकवण्याचे यंत्र आणि त्यात स्वतंत्र तापमापक हवा. तापवल्यानंतर टेप तितकाच वेळ नुसती निवू द्यावी. मात्र पाठीवर लेप नसलेल्या जुन्या टेपला आणि कॅसेटला हा उपचार सहसा लागत नाही. चिकटपणाचे लक्षण दिसल्याशिवाय तो करू नये.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या टेपची खरी व्याधी बुरशी ही आहे. पांढरी भुकटी दिसताच ती स्पूल पिशवीत बंद करून इतर टेपपासून दूर ठेवावी, कोरड्या जागी सिलिका जेलसोबत सुकू द्यावी आणि मुखपट्टी व हातमोजे घालून मऊ, कोरड्या कापडाने घराबाहेर पुसावी. बुरशी ओली असताना पुसली तर ती पसरते.

आता यंत्राकडे वळावे. हेड आणि धातूचे मार्गदर्शक खांब ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून हेडचे चुंबकत्व काढावे. त्यानंतर हेडचा कोन, म्हणजे अझिमुथ, त्या विशिष्ट टेपला जुळवावा: दोन्ही चॅनेल मोनोमध्ये एकत्र करून झांजांचा आवाज ऐकत स्क्रू अगदी हलके फिरवावा, आणि झांज जेथे सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तेथे थांबावे. हे पाच मिनिटांचे काम चुकले तर पुढचे कोणतेही सॉफ्टवेअर ती चमक परत आणू शकत नाही. कॅसेट डॉल्बी या खरखर कमी करणाऱ्या पद्धतीसह मुद्रित झाली होती का, हेही येथेच पाहावे.

मुद्रण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये करावे आणि सर्वांत मोठा आवाजही कमाल पातळीच्या सहा ते दहा डेसिबल खाली राहील असे पाहावे. गाण्याआधीची मोजणी, गाण्यांमधले बोलणे, चुकून पडलेली काठी, सर्व काही येऊ द्यावे. या फाइलला नंतर हात लावू नये. तिच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या घरात ठेवावी.

वेग तपासण्याची एक युक्ती मला फार आवडते. मुद्रणात शिरलेली विजेची गुणगुण ५० हर्ट्झऐवजी ५१.५ हर्ट्झवर दिसली, तर टेप तीन टक्के जलद, म्हणजे जवळपास अर्धा सेमीटोन वर वाजते आहे. इंग्लंडमधल्या टेपवर हा हिशेब चांगला जमतो. आपल्याकडे त्या दशकांत वीजजाळ्याची वारंवारताच ५० च्या बरीच खाली घसरत असे, त्यामुळे भारतीय टेपवर या पुराव्याची पियानोच्या सुराशी पडताळणी करावी. शिवाय ती गुणगुण आपल्याच यंत्राची नाही ना, हे टेप थांबवून पाहावे.

दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी आणि कमीत कमी करावी. लॅकर चकतीचे टकटक आवाज एकेक करून काढणे योग्य. पण टेपची हिस, म्हणजे सततची सळसळ, सरसकट काढू गेल्यास झांजांच्या जागी पाण्याचे बुडबुडे ऐकू येतात. जॉन लेननच्या घरगुती कॅसेटमधला आवाज पियानोपासून वेगळा काढणे १९९५ मध्ये जमले नव्हते, ते पुढे यंत्रशिक्षणामुळे साधले आणि ते गाणे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. यावरून, आज न जमणारे उद्यासाठी राखून ठेवायला हवे. प्रसिद्ध करण्यापूर्वी ध्वनिमुद्रणाचे हक्क आणि रचनेचे हक्क स्वतंत्र असतात हे ध्यानात घेऊन सर्व सदस्यांची लेखी संमती घ्यावी.

काम संपल्यावर स्पूल उलट गुंडाळू नये. वाजवण्याच्याच वेगाने, शेवटचे टोक बाहेर ठेवून ती तशीच खोक्यात उभी ठेवावी. शेजारच्या वेढ्यांतून उमटणारा प्रतिध्वनी मग सुरांच्या आधी न येता नंतर येतो आणि कानाला फारसा खटकत नाही. खोक्यावर पेन्सिलीने लिहावे: ‘शेवट बाहेर’, तापवल्याची तारीख आणि वाजवलेला वेग.