निरोगी व्यक्तीच्या पोर्टल शिरेतील रक्तप्रवाह डॉप्लरने कसा मोजावा

विश्रांतीच्या अवस्थेत निरोगी प्रौढाच्या यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जाते आणि त्यातले सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेतून, येते. म्हणून डॉप्लरने, म्हणजे वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनिलहरींवरून वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीने, मोजणी करताना सुरुवात या शिरेपासून करावी.

व्यक्ती किमान सहा तास उपाशी असावी. जेवणानंतर आतड्यांचा रक्तपुरवठा वाढतो आणि त्यासोबत पोर्टल शिरेतला प्रवाहही वाढतो. ‘काही खाल्लंय का?’ असे विचारल्यावर अनेकजण ‘नाही, फक्त चहा-बिस्किट’ असे सांगतात. तेही खाणेच आहे, त्यामुळे प्रश्न नेमका विचारावा. चालण्याने आणि उभे राहण्याने हा प्रवाह कमी होतो, म्हणून व्यक्तीला आधी दहा-पंधरा मिनिटे उताणे पडू द्यावे.

दोन ते पाच मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब (शरीरावर टेकवायचे सोनोग्राफीचे उपकरण) उजव्या बरगड्यांच्या मधून ठेवला की शीर लांबीत दिसते आणि ध्वनिकिरण व रक्तप्रवाह यांच्यातला कोन बहुधा साठ अंशांच्या आत बसतो. या कोनाला जपावे. तीस अंशांवर पाच अंशांची चूक झाली तर वेगात पाच-सहा टक्क्यांचाच फरक पडतो, पण साठ अंशांवर तीच चूक सतरा-अठरा टक्क्यांवर जाते.

खरी कसोटी मात्र व्यासाची आहे, आणि घाईत सर्वांत जास्त दुर्लक्ष तिथेच होते. यकृत धमनी जिथे शिरेला ओलांडते तिथे चित्र मोठे करून एका आतल्या भिंतीपासून समोरच्या आतल्या भिंतीपर्यंत, शिरेला काटकोनात माप घ्यावे. सोनोग्राफीच्या खोलीत ‘मोठा श्वास घ्या, धरून ठेवा’ हे शब्द सवयीने तोंडात येतात, पण मोठ्या श्वासाने शीर फुगते. त्याऐवजी ‘नेहमीसारखा श्वास सोडा आणि क्षणभर थांबा’ असे सांगावे. शांत श्वसनात निरोगी शिरेचा व्यास सहसा १३ मिलिमीटरच्या आत असतो.

आता नमुना-खिडकी (पडद्यावरचा ज्या भागातला वेग यंत्र मोजते तो चौकटीतला भाग) शिरेच्या दोन्ही भिंतींपर्यंत पसरवावी, म्हणजे कडेचे संथ रक्तही मोजणीत येईल. वॉल फिल्टर, म्हणजे भिंतींच्या हालचालीचे संथ संकेत गाळणारी यंत्रातली सोय, कमीत कमी ठेवावा, नाहीतर हे संथ संकेतच गाळले जातात. आलेखावरचा सर्वोच्च वेग न घेता काही सेकंदांचा सरासरी वेग घ्यावा. व्यास १.१ सेंटिमीटर असेल तर छेदाचे क्षेत्रफळ ०.९५ चौरस सेंटिमीटर होते. सरासरी वेग सेकंदाला १५ सेंटिमीटर धरला, तर दोहोंचा गुणाकार साठने गुणून मिनिटाला सुमारे ८५५ मिलिलिटर प्रवाह मिळतो. याच व्यक्तीचा व्यास चुकून १.२ मोजला गेला तर उत्तर एक हजाराच्या पुढे जाते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. एक मिलिमीटरची चूक पडद्यावर डोळ्यांनाही जाणवत नाही. म्हणूनच प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढावी.

यकृत धमनी इतकी बारीक असते की तिच्या व्यासावरून प्रवाह काढणे भरवशाचे नाही. तिथे रेझिस्टिव्ह इंडेक्स (प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा निर्देशांक) नोंदवावा, कारण तो हृदयाच्या एका ठोक्यातला सर्वोच्च वेग आणि ठोक्याच्या शेवटचा वेग या दोन वेगांच्या गुणोत्तरावर आधारलेला असल्याने कोनाची चूक त्यात उतरत नाही. निरोगी व्यक्तीत तो साधारण ०.५५ ते ०.७ असतो.

अहवालात प्रवाहाच्या आकड्याशेजारी उपाशी राहिल्याचे तास, शरीराची स्थिती, कोन, व्यास आणि वापरलेले यंत्र लिहावे, म्हणजे सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला हीच मोजणी त्याच रीतीने करता येईल.