मध्ययुगीन इंग्रजी साहित्य शिकायचंय? पाखंडाच्या खटल्यांपासून सुरुवात करा

मध्ययुगीन इंग्लंडमधली धर्मचौकशी आणि तिचा साहित्यावरचा परिणाम हा माझ्या एम.ए.च्या लघुप्रबंधाचा विषय होता. हाच विषय घ्यावा का, असं नवे विद्यार्थी विचारतात. जरूर घ्या. फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगते.

आपल्याकडे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चची धर्मचौकशी, म्हटलं की गोवा आठवतो. तिथलं न्यायालय १५६० साली बसलं आणि मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत चाललं. इंग्लंडमध्ये तसं कायमचं न्यायालय कधी उभंच राहिलं नाही. पोपचे इन्क्विझिटर, म्हणजे धर्मचौकशी करणारे अधिकारी, तिथे आले ते १३०९ मध्ये, टेम्पलर या लढवय्या धर्मसंघाच्या सरदारांच्या चौकशीसाठी. पुढे लोलार्डांना, म्हणजे चर्चवर टीका करणारा इंग्रज धर्मपंडित जॉन विक्लिफ याच्या अनुयायांना, हुडकण्याचं काम बिशपांच्या न्यायालयांनी केलं. हे आधी पक्कं करा, नाहीतर गोव्याची किंवा स्पेनची चित्रं इंग्लंडला चिकटवली जातात.

तारखा मोजक्या पुरतात. १४०१ च्या कायद्याने पाखंड्यांना जाळण्याची तरतूद केली. १४०९ मध्ये आर्चबिशप अरुंडेलने काढलेल्या नियमांनुसार बिशपच्या मंजुरीशिवाय बायबल इंग्रजीत आणणं गुन्हा ठरला. १४२८ मध्ये, मरून चार दशकं उलटलेल्या विक्लिफची हाडं उकरून जाळली गेली.

यानंतर थेट नॉरिच शहरातल्या लोलार्डांवरच्या खटल्यांकडे वळा. १४२८ ते १४३१ या काळातल्या त्या नोंदी वाचताना मला साहित्यच वाचतोय असं वाटत राहिलं. मार्जरी बॅक्स्टर या आरोपी बाईविरुद्ध १४२९ मध्ये जोन क्लिफलंडने साक्ष दिली. शेकोटीजवळ शिवण घेऊन बसल्या असताना मार्जरी काय काय बोलली, तेच तिने सांगितलं. मार्जरीने हात पसरून ‘हाच खरा क्रूस’ म्हटलं. तिचा नवरा रात्री पुस्तक वाचून दाखवतो, हेही त्यात आलं. उपवासाच्या दिवसांत तिच्या घरी पातेल्यात डुकराचं मांस शिजताना मोलकरणीला दिसलं, याचीसुद्धा नोंद झाली. सामान्य बायकांचं घरगुती बोलणं इतक्या तपशिलाने आपल्यापर्यंत पोचलं ते त्यांना धाकात ठेवणाऱ्या यंत्रणेमुळे, याचं मला आजही वाईट वाटतं. एक मात्र ध्यानात ठेवा: त्या बोलल्या इंग्रजीत आणि कारकुनाने लिहिलं लॅटिनमध्ये. साक्षीतलं प्रत्येक वाक्य त्याच्या हातून गेलेलं आहे.

मग दुसऱ्या एका मार्जरीचं, मार्जरी केंप या त्याच काळातल्या भाविक बाईचं, आत्मकथन घ्या. तिला लिहिता येत नव्हतं, तिने ते सांगून लिहवून घेतलं. १४१७ मध्ये पाखंडाच्या संशयावरून ती यॉर्कच्या आर्चबिशपसमोर उभी राहते तो भाग सावकाश वाचा. बाईने उपदेश करू नये, हे दाखवायला एक धर्मपंडित संत पॉलचं वचन काढतो. ती म्हणते, मी उपदेश करत नाही, व्यासपीठावर चढत नाही, मी फक्त चांगलं बोलते. मग ती एका वाईट धर्मगुरूची गोष्ट ऐकवते आणि आर्चबिशपला ती आवडते! तरीही आपल्या माणसाला पाच शिलिंग देऊन तो तिला तिथून घालवून देतो. चौकशीतले प्रश्न ठरलेले असत, आणि उत्तर देणारा त्यांच्यातून वाट काढताना नवीच भाषा घडवतो. लघुप्रबंधाचा गाभा मला इथेच सापडला.

वाद कुठे आहे तेही बघून ठेवा. अरुंडेलच्या नियमांनी इंग्रजीतलं धाडसी धर्मलेखन गोठवलं, असं साहित्याचे अभ्यासक निकोलस वॉटसन यांनी १९९५ मध्ये मांडलं. पुढच्या अभ्यासकांना हे जास्त सरधोपट वाटलं. मलाही तसंच वाटतं, कारण बंदी असूनही विक्लिफपंथी इंग्रजी बायबलची सुमारे २५० हस्तलिखितं टिकून आहेत. दुसऱ्या बाजूला १४५७ मध्ये बिशप रेजिनल्ड पीकॉकला आपली मतं जाहीरपणे मागे घ्यावी लागली. तो तर लोलार्डांनाच खोडून काढायला इंग्रजीत लिहीत होता! म्हणून सरसकट विधान टाळा, एकेक माणूस आणि एकेक ग्रंथ घेऊन बोला.

मध्ययुगीन इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. केंपचं पुस्तकही टीपांसह तसंच मिळतं. रोज एक पान मोठ्याने वाचा, वर्तनी विचित्र दिसली तरी कानाला शब्द ओळखू येतात. लॅटिनचे प्राथमिक धडे मात्र पहिल्याच सत्रात सुरू करा. नॉरिचच्या नोंदींसाठी त्याला पर्याय नाही.