कोशर रेस्टॉरंटमध्ये कुटुंबाला जेवायला न्यायचंय? आधी एवढं ठरवा

मांस की दूध? टेबल राखण्याआधी हे ठरवा, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. कोशर म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम, आणि त्यांत मांस आणि दूध एकत्र येत नाहीत. भांडी, ताटं, सुऱ्या, सगळं वेगळं. म्हणून रेस्टॉरंट एकतर मांसाचं असतं किंवा दुधाचं. स्टेकवर लोणी, बर्गरवर चीज, शेवटी दुधाची कॉफी यांतलं काहीही मांसाच्या रेस्टॉरंटमध्ये मिळणार नाही.

सोबत कोशर पाळणारे पाहुणे असतील तर दोन प्रश्न त्यांनाच विचारा. पहिला, कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र चालतं? सगळ्यांना सगळी प्रमाणपत्रं मान्य नसतात. रेस्टॉरंटकडून प्रमाणपत्राचा फोटो मागवा, मुदत तपासा आणि तो पाहुण्यांना पाठवा. दुसरा, दुपारी काय जेवणार? मांसानंतर दूध घेण्याआधी बरेच जण 6 तास थांबतात, काही घराण्यांत 3 तास, डच परंपरेत 1. 6 तास पाळणाऱ्या आणि दुपारी 2 वाजता मांस खाल्लेल्या माणसाला संध्याकाळी 7 वाजता दुधाच्या रेस्टॉरंटमध्ये नेलं तर तो नुसता बसून राहील.

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ, ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, म्हणजे रेस्टॉरंट बंद. उन्हाळ्यात शनिवारी अंधार उशिरा पडतो, त्यामुळे त्या रात्री उघडं असेल असं धरून चालू नका. आव या ज्यू महिन्याच्या (साधारण जुलै-ऑगस्ट) पहिल्या 9 दिवसांत अनेक जण मांस खात नाहीत, आणि पेसाह या वसंतातल्या ज्यू सणात पाव नसतो. तारीख ठरवताना ज्यू पंचांग समोर ठेवा.

मेन्यू वाचताना फिले किंवा सरलॉइन दिसलं नाही तर चकित होऊ नका. हे तुकडे जनावराच्या मागच्या भागातले; तिथली वर्ज्य सायटिक नस आणि चरबी काढणं किचकट असल्याने बऱ्याच ठिकाणी तो भागच वापरत नाहीत. रिब-आय, शॉर्ट रिब्ज, ब्रिस्केट मागवा. खरी चव तिथेच आहे. रक्त काढण्यासाठी मांस अर्धा तास पाण्यात भिजवून तासभर मिठात ठेवतात आणि मग धुतात. म्हणून आधी चाखा, वरून मीठ नंतर. मासा आणि मांस एका ताटात येणार नाही. माशाचं ताट-काटा उचलल्यावरच मांस वाढतात.

शाकाहारी मंडळींसाठी ‘पारेव्ह’ हा शब्द नीट समजून घ्या. त्यात मांस नाही, दूधही नाही. पण अंडं आणि मासा चालतो. शिवाय मांसाच्या रेस्टॉरंटमध्ये पारेव्ह भाजी मांसाच्याच कढईत झालेली असू शकते. कडक शाकाहारी असतील तर दुधाचं रेस्टॉरंट निवडा, आणि तिथेही अंडं-मासा विचारून घ्या.

बाहेरचं खाणं आत चालत नाही, आणि घोटाळा नेमका इथे होतो: वाढदिवसाचा केक हातात घेऊन लोक दारात अडकतात. केक रेस्टॉरंटलाच सांगा, तोही टेबल राखतानाच. बाळाच्या दुधाच्या बाटलीचं आधी विचारा. वाइन त्यांच्याकडचीच घ्या. मेव्हुशाल, म्हणजे तापवलेली वाइन कोणीही ओतली तरी चालते. तशी नसेल तर कोण ओततं याला महत्त्व असतं, म्हणून बाटलीला स्वतः हात लावू नका.

पाव आला की पाळणारे पाहुणे दोन कानांच्या भांड्याने हात धुवून येतात. हात धुतल्यापासून पावाचा पहिला घास होईपर्यंत ते बोलत नाहीत. त्या दोन मिनिटांत त्यांना काही विचारू नका, मुलांनाही सांगून ठेवा. शेवटी भोजनोत्तर प्रार्थना असते. त्या वेळी टेबलावर थोडा पाव ठेवण्याची रीत आहे. वेटरला आधीच सांगा, प्रार्थना संपेपर्यंत पावाची टोपली उचलायची नाही आणि बिलही त्यानंतरच आणायचं.