क्रूझवरच्या लग्नासाठी स्वतःचा फोटोग्राफर कसा न्यावा

क्रूझवर लग्न करायचं ठरलं की हॉल, केक, फुलं, विधी करणारी व्यक्ती असं बरंचसं जहाज कंपनीच्या पॅकेजमधूनच येतं. फोटोही त्यातच येतात. मोठ्या क्रूझ जहाजांवर स्वतंत्र फोटो विभाग असतो आणि प्रवाशांचे फोटो काढून विकणं हे कंपनीच्या कमाईचं एक साधन असतं. म्हणून ‘फोटोग्राफर आम्ही आणू’ असं म्हटलं की काही कंपन्या सरळ नकार देतात, काही अटी घालतात, तर काही नातेवाईक किंवा मित्राने कॅमेरा आणायला हरकत घेत नाहीत, पण पैसे घेऊन काम करणारा व्यावसायिक त्यांना चालत नाही.

तरीही प्रयत्न करण्यासारखा आहे. जहाजाच्या फोटोग्राफरला तुमच्या लग्नासाठी ठरावीक वेळ दिलेला असतो. तो संपला की त्याला संध्याकाळच्या इतर कामावर जावं लागतं. शिवाय पॅकेजमध्ये किती छापील फोटो मिळणार, मूळ डिजिटल फाइल मिळणार का, याला मर्यादा असू शकतात. नवरीची तयारी, आजीच्या डोळ्यांतलं पाणी, रात्री उशिरापर्यंतचा नाच हे सगळं हवं असेल, तर दिवसभर सोबत राहणारा आणि तुमची माणसं ओळखणारा फोटोग्राफर हवा. फक्त त्याची तयारी जमिनीवरच्या लग्नापेक्षा खूप आधी आणि वेगळ्या क्रमाने करावी लागते.

१. आधी लग्नाची जागा नक्की करा

क्रूझवरचं लग्न तीन प्रकारे होतं आणि फोटोग्राफरचे नियम तिन्ही प्रकारांत वेगळे असतात.

पहिला प्रकार म्हणजे प्रवास सुरू होण्याच्या दिवशी, जहाज धक्क्याला लागलेलं असतानाच लग्न. यात प्रवासाला न येणारे पाहुणेही काही तासांसाठी वर येऊ शकतात आणि जहाज सुटण्याआधी उतरतात. कंपनीची हरकत नसेल तर फोटोग्राफरलाही असंच आणता येतं. त्याचं तिकीट वाचतं, आणि तो त्याच देशातला असेल तर व्हिसाचा प्रश्न सहसा येत नाही. खर्चाच्या दृष्टीने हाच मार्ग सगळ्यात सोपा.

दुसरा प्रकार भर समुद्रातल्या लग्नाचा. कॅप्टनने लावलेलं लग्न कायदेशीर ठरणार का, हे जहाज ज्या देशात नोंदलेलं आहे तिथल्या कायद्यावर अवलंबून असतं. क्युनार्ड या क्रूझ कंपनीने २०११ मध्ये आपल्या जहाजांची नोंदणी ब्रिटनमधून बर्म्युडाला हलवली, त्यामागे समुद्रात लग्न लावता यावं हे एक कारण होतं. अशा लग्नाला फोटोग्राफर सहसा पूर्ण सफरीचा प्रवासी म्हणूनच येऊ शकतो.

तिसरा प्रकार म्हणजे वाटेतल्या एखाद्या बंदरावर उतरून केलेलं लग्न. जहाजाचे नियम बरेचसे मागे राहतात, पण त्या देशाचे पुढे येतात. इथे तिथलाच स्थानिक फोटोग्राफर ठरवणं बहुधा शहाणपणाचं ठरतं. त्याला परवाने, जागा आणि तिथला प्रकाश माहीत असतो. मात्र असं बंदर निवडताना जहाज धक्क्याला लागतं की प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, हे विचारा. समुद्र खवळला की बोटी बंद होतात आणि लग्नच राहून जातं.

२. फोटोग्राफरला ॲडव्हान्स देण्याआधी जहाजाचं लेखी उत्तर मिळवा

बहुतेक जोडपी आधी आवडता फोटोग्राफर पक्का करतात आणि मग कंपनीला कळवतात. क्रम नेमका उलटा हवा. कंपनीच्या लग्न समन्वयकाला ई-मेल करा आणि उत्तर ई-मेलवरच घ्या. फोनवरचा होकार जहाजाच्या दारात कामाला येत नाही, कारण तिथे उभ्या असलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्यासमोर फक्त यादी आणि कागद असतो.

प्रश्न स्पष्ट विचारा. बाहेरचा, मानधन घेणारा फोटोग्राफर चालेल का? त्यासाठी शुल्क आहे का? कंपनीचं फोटो पॅकेज तरीही घ्यावंच लागेल का? विधी चालू असताना दोन्ही फोटोग्राफर असतील, तर पुढे कोण उभं राहील? जहाजाच्या कोणत्या भागांत शूटिंग करता येईल? विमा किंवा नोंदणीचे कागद लागतील का? लागत असतील तर फोटोग्राफरकडे व्यावसायिक दायित्वाचा (म्हणजे त्याच्या कामामुळे कुणाचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) विमा असायला हवा आणि त्याचं प्रमाणपत्र कंपनीला आधी पाठवावं लागेल.

परवानगी नसताना ‘तो आमचा चुलतभाऊ आहे’ असं सांगून व्यावसायिकाला आत नेण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो अजिबात पटत नाही. दोन कॅमेरे, फ्लॅश आणि लाइट स्टँड घेतलेला माणूस लपत नाही. भर विधीत त्याला थांबवलं तर तो क्षण पुन्हा मिळणार नाही. नकार आलाच, तर कंपनीच्या फोटोग्राफरचे जास्तीचे तास विकत घ्या, त्याचं आधीचं काम बघायला मागा आणि तुमच्या फोटोग्राफरला बंदरावरच्या एका दिवसासाठी वेगळं बोलवा.

३. चढण्या-उतरण्याचे कागद

काही तासांपुरता येणारा फोटोग्राफर असेल तर त्याचं ओळखपत्रावर आहे तसंच नाव, जन्मतारीख आणि ओळखपत्राचा क्रमांक कंपनीने सांगितलेल्या मुदतीत कळवावा लागतो. आयत्या वेळी माणूस बदलता येत नाही, हे त्यालाही सांगून ठेवा. तो आजारी पडला तर कोण येणार, त्या पर्यायी फोटोग्राफरचं नावही यादीत घालता येईल का, हे आधीच विचारा.

पूर्ण सफर करणार असेल तर त्याचं तिकीट, केबिन आणि व्हिसा तुमच्या खर्चात धरा. केबिनचे दर दोघांच्या हिशेबाने असतात, त्यामुळे एकट्याला अनेकदा जवळपास दोघांचं भाडं पडतं. सहाय्यकाला सोबत घेतलं तर तोच खर्च जास्त उपयोगी पडतो. व्हिसाच्या बाबतीत दोन गोष्टी बघा. जहाज एखाद्या देशातून बाहेर जाऊन परत तिथेच येणार असेल तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागू शकतो. आणि पर्यटक व्हिसावर मोबदला घेऊन काम करायला अनेक देशांत मनाई असते. बंदरावर उतरून शूटिंग करायचं असेल तर हा प्रश्न त्या देशाच्या दूतावासालाच विचारावा.

‘मी लग्नाआधीच्या बंदरावर चढतो आणि पुढच्या बंदरावर उतरतो’ असं फोटोग्राफर सुचवेल. ऐकायला सोपं वाटतं, पण यासाठी कंपनीची परवानगी लागते आणि कधीकधी कायदाच आडवा येतो. अमेरिकेत १८८६ पासूनच्या कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरात चढलेला प्रवासी, वाटेत दूरच्या परदेशी बंदराला न जाता, दुसऱ्या अमेरिकी बंदरात कायमचा उतरवता येत नाही. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक परदेशी नोंदणीचीच असतात.

४. करारात जहाजाचा विचार हवा

नेहमीचा लग्नाचा करार इथे पुरत नाही. जहाजाने बंदर वगळलं, वेळ बदलली किंवा फोटोग्राफरला चढूच दिलं नाही तर पैशांचं काय, हे लिहून घ्या. सफरीवर असताना त्याचे कामाचे तास कोणते आणि मोकळा वेळ कोणता, हेही लिहा. सात दिवस सोबत आहे म्हणजे सात दिवस कामावर आहे असं नाही. या एका गोष्टीवरून चांगले संबंध बिघडतात.

क्रूझच्या तिकिटाच्या अटींमध्ये जहाजावर काढलेले फोटो व्यावसायिक कारणासाठी वापरायला अनेकदा बंदी असते. फोटोग्राफरला तुमचे फोटो स्वतःच्या जाहिरातीत वापरायचे असतील तर ती परवानगी त्यालाही वेगळी घ्यावी लागेल.

५. सामान

ड्रोन उडवायला जवळपास सगळ्याच जहाजांवर बंदी आहे. मेणबत्त्या, धुराच्या कांड्या, फटाके, आकाशकंदील यांचाही विचार सोडा. समुद्रात आग ही सगळ्यात मोठी भीती असते आणि तिथे कुणीही सूट देणार नाही. विजेच्या चढ-उतारापासून संरक्षण देणारे एक्स्टेंशन बोर्ड बऱ्याच कंपन्या जप्त करतात, म्हणून अनेक बॅटऱ्या एकाच वेळी भरणारा साधा चार्जर चांगला. विमानाने बंदरापर्यंत जायचं असेल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवाव्या लागतात. १०० ते १६० वॉट-तासांच्या, म्हणजे काही स्टुडिओ फ्लॅशच्या, बॅटऱ्यांना विमान कंपनीची मंजुरी लागते.

६. वारा, ओल आणि प्रकाश

जमिनीवर उत्तम काम करणारा फोटोग्राफरही डेकवर पहिल्यांदा गोंधळतो, तो इथे. हवा पूर्ण शांत असली तरी २० नॉटने चालणाऱ्या जहाजाच्या डेकवर ताशी ३७ किलोमीटरचा वारा जाणवतो. जहाज वाऱ्याच्या विरुद्ध जात असेल तर त्याहून जास्त. ओढणी, केस, पत्रिका, फुलांच्या पाकळ्या सगळं उडतं. लाइट स्टँडवरची, प्रकाश पसरवणारी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स तर उघड्या डेकवर आणूच नये, सहाय्यकाने हातात धरलेला छोटा फ्लॅश पुरे. जहाजाच्या मागच्या टोकाला वरच्या मजल्यांचा आडोसा मिळतो, म्हणून जोडप्याचे फोटो तिथे काढावेत. इंजिनाची थरथर मात्र तिथेच जास्त जाणवते, तेव्हा शटरचा वेग कमी ठेवू नये.

थंडगार केबिनमधून एकदम दमट डेकवर आलं की लेन्सवर वाफ धरते आणि ती पुसून जात नाही. कॅमेरा केबिनमध्येच हवाबंद पिशवीत घालून अर्धा तास आधी बाहेर आणून ठेवायचा, मग उघडायचा. रात्री गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने कॅमेऱ्याचं बाहेरचं अंग पुसायचं, नाहीतर खारं पाणी सुकून बसतं.

सूर्यास्त कुठून दिसेल हे जहाजाच्या दिशेवर ठरतं. दक्षिणेकडे निघालेल्या जहाजावर मावळता सूर्य उजव्या बाजूला असतो. समन्वयकाकडून त्या संध्याकाळची दिशा विचारून घ्या, पण जहाज वळू शकतं म्हणून दुसऱ्या बाजूची एक जागाही हेरून ठेवा. आतल्या हॉलमध्ये एलईडी दिवे असतात आणि बहुतेक क्रूझ जहाजांवर वीज ६० हर्ट्झची असते. भारतातल्या ५० हर्ट्झच्या सवयीने शटर लावलं तर फोटोंवर पट्टे येऊ शकतात. १/६० किंवा १/१२५ सेकंदाने सुरुवात करून आधी चाचणी घ्यावी.

कठड्यावर बसून किंवा चढून फोटो कधीही काढू नका. पडण्याचा धोका तर आहेच, शिवाय कंपनी पुढच्या बंदरात उतरवूनही देऊ शकते.

७. दिवसाचं वेळापत्रक

धक्क्यावरच्या लग्नात वेळ फार कमी असतो. चढण्यासाठी तपासणी, मग तयारी, विधी, केक, आणि पाहुण्यांना उतरण्याची वेळ. त्यातच प्रवाशांची सुरक्षा कवायत असते. जानेवारी २०१२ मध्ये कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज बुडाल्यानंतर नियम कडक झाले आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावीच लागते. नवरा-नवरीलाही तीत सूट नाही. म्हणून घराण्याच्या एकत्र फोटोंची यादी छोटी ठेवा आणि विधीनंतर लगेच उरका. जोडप्याचे निवांत फोटो पुढच्या दिवसासाठी ठेवायचे असतील तर पहाटेचा डेक सगळ्यात रिकामा असतो, फक्त तो तेव्हाच धुतात, त्यामुळे पायाखाली जपा. घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा, बंदराची वेळ वेगळी असू शकते.

८. फोटो सांभाळणं

समुद्रात इंटरनेट उपग्रहावरून येतं. शेकडो मोठ्या फाइल त्यावरून पाठवण्याच्या भरवशावर राहू नका. फोटोग्राफरचा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणारा असावा. त्याच रात्री सगळं दोन हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. एक त्याच्या केबिनमध्ये, दुसरी तुमच्या. उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्यात हार्ड डिस्क जाऊ देऊ नका. ती हातातल्या बॅगेतच ठेवा आणि घरी पोहोचून तिसरी प्रत होईपर्यंत कार्डं पुसू नका.